तळ्यातली पत्री

तामिळनाडूत वेल्लोरजवळ मेलविशारम नावाचं गाव आहे. आजूबाजूचा सगळा पट्टा चामड्याच्या कारखान्यांचा. तिथल्या सी. अब्दुल हकीम कॉलेजात मात्र कोळंबीच्या रोगांवर वर्षानुवर्षं काम चालत आलं आहे. २००७ मध्ये तिथल्या संशोधकांनी एका मोठ्या खटाटोपाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतातल्या वीस औषधी वनस्पती घ्यायच्या, त्यांचे अर्क काढायचे आणि कोळंबीच्या ‘व्हाइट स्पॉट’ व्हायरससमोर एकेकाची परीक्षा घ्यायची. त्यात दुर्वा उजव्या ठरल्या. मग त्यांनी दुर्वांचा अर्क खाद्याच्या गोळीत दोन टक्के मिसळला, टायगर कोळंबीला खाऊ घातला आणि नंतर तिला व्हायरसची लागण केली. दुर्वा खाल्लेली कोळंबी जगली.

याचं मोल कोळंबीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. हा व्हायरस भारतात १९९४-९५ च्या सुमारास आला आणि पूर्व किनाऱ्यावरची तळीच्या तळी त्याने रिकामी केली. लागण झाली की तीन ते दहा दिवसांत खेळ आटोपतो. औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. कोळंबी कडेला येऊन मरायला लागली की मालक मिळेल त्या भावाने माल काढतो, किंवा तळ्यात ब्लीचिंग टाकून हंगाम बंद करतो.

मेलविशारम एकटं नव्हतं. कन्याकुमारी जिल्ह्यात राजाक्कमंगलम इथे मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठाचं सागरी विज्ञान केंद्र आहे. तिथल्या गटाने २००६ मध्ये पाच वनस्पतींचं मिश्रण टायगर कोळंबीला दिलं होतं. दुर्वा, बेल, गुळवेल, कुटकी आणि माका. साधं खाद्य खाणारी कोळंबी लागणीनंतर सात दिवसांत संपली, आणि मिश्रणाची सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्या गटातली जवळपास तीन चतुर्थांश तगली. तिकडे दिल्ली विद्यापीठात रीना चक्रबर्ती आणि त्यांचे सहकारी रोहू-कटल्याच्या खाद्यात आघाड्याचं बी मिसळत होते. जिवाणूंची लागण केल्यावर आघाडा खाल्लेले मासे इतरांपेक्षा जास्त संख्येने वाचले.

दुर्वा, बेल, माका, आघाडा. गणपतीच्या पत्रीची जुडी ज्याने एकदा तरी बाजारातून आणली आहे, त्याला ही नावं ओळखीची वाटतील. योगायोग गमतीचा आहे. पूर्वजांना कोळंबीचे व्हायरस ठाऊक होते असा मेसेज यावरून कुणी पुढे ढकलू नये, एवढीच विनंती.

आता साधा प्रश्न. हे निष्कर्ष येऊन पंधरा-वीस वर्षं झाली. दुर्वा कुठेही उगवतात, फुकट मिळतात. मग डहाणू-पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाऱ्या तळ्यांवर कोळंबी दुर्वा का खात नाही? आणि दुसऱ्या बाजूला, मत्स्यशेतीच्या औषधांच्या कुठल्याही दुकानात निम्मं फडताळ ‘हर्बल’ लिहिलेल्या डब्यांनी भरलेलं असतं, ते कसं? प्रयोगशाळेत जे चाललं ते तळ्यावर पोचलं नाही, आणि तळ्यावर जे पोचलं त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेतून गेलंच नाही. मधली जागा कशामुळे रिकामी राहिली, हे पाहण्यासारखं आहे.

वनस्पतींच्या या सगळ्या शोधाला निमित्त झालं ते अँटिबायोटिकचं. दाटीवाटीने मासे वाढवले की रोग येणार, रोग आला की औषध येणार. कोळंबीच्या तळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या गटातली औषधं सर्रास पडत होती. व्हायरसवर अँटिबायोटिकचा काडीइतका उपयोग नसतो हे माहीत असूनही पडत होती, कारण घाबरलेला माणूस हाताला लागेल ते टाकतो. २००२ च्या आसपास युरोपच्या बंदरांवर आशियातून आलेल्या कोळंबीत या औषधांचे अंश सापडायला लागले आणि माल परत यायला लागला. युरोपियन युनियनने २००६ च्या १ जानेवारीपासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून खाद्यात अँटिबायोटिक घालणंच बंद केलं. पुढे २०१६ मध्ये भारतातून येणाऱ्या, तळ्यांत वाढवलेल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण त्यांनी दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेलं. दर दोन खेपांमागे एक उघडून बघायची, असा त्याचा अर्थ. २०२२-२३ मध्ये भारताने सात लाख टनांहून जास्त गोठवलेली कोळंबी परदेशी पाठवली. एवढ्या धंद्यात एक कंटेनर परत आला तरी त्याची झळ थेट तळ्यावरच्या भावाला लागते.

तेव्हा अँटिबायोटिक नको. पण मग काय? या ‘मग काय’मध्ये लसूण, हळद, तुळस, कडुलिंब, ओव्यातलं थायमॉल अशा सगळ्यांची वर्णी लागली.

खरं तर या प्रश्नाचं एक वेगळं उत्तर नॉर्वेने देऊन ठेवलं आहे. १९८७ मध्ये तिथल्या सामन माशांच्या शेतीत सुमारे ४८ टन अँटिबायोटिक वापरलं गेलं होतं. आज उत्पादन कितीतरी पटींनी वाढलेलं असूनही ते एका टनाच्या आत-बाहेर आहे. हे झालं लशींमुळे. प्रत्येक पिल्लाला इंजेक्शन टोचलं जातं, आणि आता त्यासाठी यंत्रं आहेत. आपल्याकडे हा रस्ता अवघड का, हे बाजारभाव सांगतो. सामनची किंमत इंजेक्शनचा खर्च सोसते. शेततळ्यात सोडलेल्या रोहूच्या बोटुकलीला, म्हणजे बोटभर पिल्लाला, एकेक करून सुई टोचायचा हिशेब कुठल्याच वहीत बसणार नाही.

कोळंबीचं तर आणखीच वेगळं. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि शरीर ती प्रतिपिंडांच्या रूपात साठवतं. कोळंबीकडे प्रतिपिंडंच नसतात. तिची सगळी मदार रक्तातल्या पेशींवर आणि जखम होताच काळं रसायन तयार करणाऱ्या एका साखळीवर. शत्रू कुठलाही असो, हत्यार तेच. माशांमध्ये प्रतिपिंडं असतात, पण थंड रक्तामुळे ती तयार व्हायला वेळ लागतो आणि तोवर जन्मजात संरक्षणावरच भागवावं लागतं. वनस्पतींचा डाव नेमका इथे लागतो. आघाडा किंवा लसूण रोगजंतूला मारतोच असं नाही. तो या जन्मजात फौजेला आधीच जागं करून ठेवतो. पांढऱ्या पेशी जास्त चपळ होतात, रक्तातलं जंतू फोडणारं लायसोझाइम वाढतं. मग जंतू आला की लढाई पहिल्या दिवसापासून सुरू होते.

यातून एक गोष्ट निघते आणि ती विकणारे सहसा सांगत नाहीत. ही तयारी आधी करायची असते. आजारी मासा सर्वांत आधी काय सोडतो? खाणं. तळ्यात रोग दिसला आणि मालकाने खाद्यात काढा मिसळला, तर तो काढा खातात धडधाकट मासे. ज्यांच्यासाठी घातला ते कडेला सुस्त पडून असतात. रोग आल्यावर दिलेला लसूण हा बहुतेक वेळा मालकाच्या समाधानासाठी असतो.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत, म्हणजे ‘सिफा’त, २००७ मध्ये झालेला एक प्रयोग मला या सगळ्या साहित्यात फार आवडतो. त्यांनी रोहूला आंब्याची कोय खाऊ घातली. कोकणात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात ज्या कोयींचे ढीग रस काढणाऱ्यांच्या दारात पडतात, त्या. आतला गर वाळवून त्याची पूड केली आणि किलोभर खाद्याला एक ग्रॅम, पाच ग्रॅम आणि दहा ग्रॅम अशा तीन मात्रा साठ दिवस दिल्या. मग ‘एरोमोनास हायड्रोफिला’ या जिवाणूची लागण केली. रोहूच्या अंगावर लाल चट्टे उठवणारा, पोट फुगवणारा, तळ्यातल्या गाळात कायम मुक्कामाला असणारा हा जिवाणू. सगळ्यांत जास्त मासे वाचले ते पाच ग्रॅमवाल्या गटात. दहावाल्यात नव्हे.

जास्त म्हणजे चांगलं, हे गणित इथे चालत नाही. अशा अनेक प्रयोगांत वर जाणारी रेघ मध्येच कुठेतरी वळते. काही पदार्थ सतत, महिनोन्‌महिने दिले की सुरुवातीला चढलेली प्रतिकारशक्ती ओसरतेही. म्हणून जाणकार सांगतात, दोन-तीन आठवडे द्या, मग थांबा, पाऊस तोंडावर आला की परत द्या. दुकानदार सांगतो, रोज द्या.

वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीवर तर मत्स्यशेतीइतका चोख उतारा दुसरीकडे मिळणार नाही. तळ्यात बीज सोडण्याआधी जुने, नको असलेले मासे मारून टाकावे लागतात, नाहीतर मरळ आणि इतर मांसाहारी मासे सोडलेली पिल्लं फस्त करतात. हे मारायचं काम आपल्याकडे शिफारशीनुसार कशाने होतं? मोहाच्या पेंडीने. हेक्टरी अडीच हजार किलो. त्या पेंडीत सॅपोनिन असतं, साबणासारखं फेस आणणारं द्रव्य. ते माशाच्या कल्ल्यांवर बसतं, रक्तपेशी फोडतं आणि काही तासांत मासे वर येतात. पुढे दोन-तीन आठवड्यांत विष उतरतं आणि पेंडीचं खत होतं. कोळंबीच्या तळ्यात हेच काम चहाच्या बियांची पेंड करते. तिथे आणखी एक सोय म्हणजे मासे मरतात आणि कोळंबी तगते. डोंगरातल्या ओढ्यांत गेळफळं ठेचून मासे धरायची जुनी रीतही याच जातीची.

आणि हेच सॅपोनिन किंचित मात्रेत खाद्यात घातलं तर? जर्मनीत होहेनहाइम विद्यापीठात २००२ मध्ये सायप्रिनस माशाला किलोभर खाद्यात १५० मिलिग्रॅम इतकं, दक्षिण अमेरिकेतल्या क्विलाया झाडाचं सॅपोनिन दिलं. मासे वेगाने वाढले. द्रव्यांचा एकच गट, एका टोकाला तळं साफ करतो, दुसऱ्या टोकाला वजन वाढवतो. फरक फक्त मात्रेचा आणि वाटेचा, पाण्यातून की पोटातून. मेक्सिकोकडच्या युक्का झाडाचा सॅपोनिनवाला अर्क आज कोळंबीच्या तळ्यांत अमोनिया कमी करण्यासाठी विकला जातो. तळ्याच्या काठावर ते पिंप रिकामं करणाऱ्या माणसाला हा सगळा इतिहास ठाऊक असायचं कारण नाही, पण पिंपावर मात्रा तरी नीट लिहिलेली असावी.

चिलापीचं उदाहरण आणखी वेगळं. हा मासा तळ्यात इतका वितो की खाणारी तोंडं वाढतात आणि एकही मासा धड वाढत नाही. म्हणून व्यापारी बीज सगळं नराचं करतात. लहानपणी संप्रेरक देऊन. त्याला पर्याय म्हणून नायजेरियात पपईच्या बिया खाद्यातून देऊन पाहिल्या गेल्या. जास्त मात्रेत नर चिलापीची प्रजनन ग्रंथी निकामी झाली. ज्याला पैदास थांबवायची आहे त्याच्यासाठी ही आनंदाची बातमी. पण जो रोग येऊ नये म्हणून कुणाच्या सांगण्यावरून पपईचं काहीबाही प्रजनक माशांना घालतोय, त्याच्यासाठी? गुळवेलीचंही तसंच. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा गुळवेलीशी जोडली. आयुष मंत्रालयाने ते फेटाळलं, वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं की कुठली वेल, किती आणि किती दिवस, हे प्रश्न माणसाच्या बाबतीतही सुटलेले नव्हते.

इथून पुढे गाडी ‘किती’वर येऊन अडते.

लसणाचा हिशेब करून पाहू. ‘सिफा’तच रोहूला खाद्यात एक टक्क्यापर्यंत लसूण देऊन झालेलं काम आहे आणि त्याचा परिणाम चांगला आलेला आहे. समजा एका तळ्यात दहा टन रोहू-कटला आहे. वजनाच्या दोन टक्के खाद्य धरलं तर रोजचे दोनशे किलो. त्यात एक टक्का लसूण म्हणजे रोज दोन किलो, साठ दिवसांचे १२० किलो. आता हे दोन किलो ओले की वाळलेले? लसणात साधारण ६५ टक्के पाणी असतं. वाळलेल्या पुडीचे दोन किलो हवे असतील तर ओला लसूण रोज पावणेसहा किलो लागतो, दोन महिन्यांचा ३४० किलोच्या वर. २०२४ च्या अखेरीस लसूण किरकोळ बाजारात चारशे रुपये किलोला गेला होता. त्या भावाने हा खर्च एक लाख छत्तीस हजार. म्हणून मालक काय करतो? ‘एक टक्का’ ऐकून ओला लसूण दोन किलो ठेचतो. माशाच्या पोटात जाते ती मात्रा सांगितलेल्याच्या एक तृतीयांश. परिणाम दिसला नाही की म्हणतो, लसणात काही दम नाही.

हळदीचं तर विचारूच नका. माशावर जे काम करतं ते हळदीतलं कुरकुमिन. मेघालयातल्या लाकाडोंग हळदीत ते सात टक्क्यांच्या वर असतं. वर्ध्याच्या वायगाव हळदीचा लौकिकच जास्त कुरकुमिनसाठी आहे, सहा टक्क्यांच्या पुढे. सांगलीच्या पेठेत येणाऱ्या हळदीत ते बहुधा याहून कमी भरतं. तेव्हा ‘किलोला पाच ग्रॅम हळद’ या वाक्यातून औषधाची मात्रा कळतच नाही. त्यात कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही आणि आतड्यातून फारसं शोषलंही जात नाही. उलट जे अर्क पाण्यात सहज विरघळतात त्यांची अडचण दुसरी. गोळी पाण्यात पडली की अर्क सुटायला लागतो. मासा तरंगती गोळी चटकन गिळतो, पण कोळंबी तळाशी बसून ती गोळी दोन्ही हातांत धरून निवांत कुरतडते. तोवर अर्क तळ्याच्या पाण्यात. म्हणून गोळीवर तेलाचं किंवा अंड्याच्या पांढऱ्याचं आवरण चढवून, सावलीत वाळवून मग खाद्य टाकतात. हे करायला माणूस लागतो, सावली लागते आणि पावसाळ्यात या दोन्हींची वानवा असते.

आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या भोवती, जिथून रोहू-कटला महाराष्ट्रासकट देशभर जातो, तिथली खाद्य द्यायची रीत आणखी निराळी. तेल काढलेला भाताचा कोंडा आणि पेंड पोत्यात भरायची, पोत्याला भोकं पाडायची आणि ती बांबूंना किंवा दोरीला बांधून तळ्यात टांगायची. मासे येऊन भोकांतून ओढून खातात. स्वस्त आणि हुशार पद्धत. पण तिच्यात पुडी मिसळली तर दांडगे मासे आधी येतात आणि जास्त खाऊन जातात. मात्रा सरासरीत बरोबर, आणि एकेका माशाच्या बाबतीत अंदाधुंद.

आणि फडताळावरचे ते डबे? त्यांच्यावर वनस्पतींची नावं असतात, कधी दहा, कधी पंधरा. प्रत्येकाचं प्रमाण किती, कुठला भाग वापरला, पान की मूळ की बी, अर्कातलं मुख्य द्रव्य किती टक्के, हे शोधायला भिंग घेतलं तरी सापडत नाही. कोस्टल अ‍ॅक्वाकल्चर ऑथॉरिटीचं प्रमाणपत्र काही डब्यांवर दिसतं. ते चांगलंच आहे, कारण त्याचा अर्थ डब्यात बंदी असलेली अँटिबायोटिक नाहीत असा होतो. शेतकरी त्याचा अर्थ ‘सरकारने पास केलेलं औषध’ असा घेतो. डबा गुणकारी आहे की नाही, याबद्दल ते प्रमाणपत्र काहीच म्हणत नाही. सध्या सर्वांत जास्त खप ‘ईएचपी’वरच्या हर्बलचा दिसतो. ‘ईएचपी’ ही कोळंबीच्या यकृतासारख्या ग्रंथीत शिरणारी सूक्ष्म परजीवी बुरशी. मारत नाही, वाढ खुंटवते. चेन्नईच्या ‘सिबा’ या संस्थेच्या अंदाजाने देशाचं तिच्यामुळे वर्षाला सुमारे चार हजार कोटींचं नुकसान होतं. मरतूक होत नसल्याने औषध लागू पडलं की नाही हे चटकन कळतही नाही, आणि असा रोग विक्रेत्याला सोयीचा असतो.

याचा अर्थ सगळं झूट आहे असा नाही. तसं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. १९८८ मध्ये बांगलादेशातून ईशान्येकडे जखमांचा एक भयानक रोग आला. अंगावर खोल व्रण, मासे जिवंतपणी सडायचे, लोकांनी मासे खाणं सोडलं. तो पसरत देशभर गेला. त्या वेळी ‘सिफा’चं ‘सिफॅक्स’ हे रसायन येईपर्यंत शेतकऱ्यांनी चुना आणि हळद एकत्र करून तळ्यांत टाकली, आणि पुढेही टाकत राहिले. मला वाटतं त्यात मोठं काम चुन्याचं होतं. पाण्याचा सामू सुधारला की व्रण करणारी बुरशी मागे हटते. हळदीने किती केलं हे वेगळं मोजलं गेलं नाही. इथेच तर खरी गोम आहे. चुना टाकलेलं तळं, हळद टाकलेलं तळं, दोन्ही टाकलेलं आणि काहीच न टाकलेलं, अशी चार तळी शेजारी ठेवून पाहायला त्या धामधुमीत कुणाला सवड होती?

वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, १९६१ मध्ये सुरू झालेली आणि देशभरच्या मत्स्य अधिकाऱ्यांना घडवणारी, या विषयात बरंच करून बसली आहे. माशाच्या अंगाला चिकटून रक्त पिणारी ‘आरगुलस’ नावाची ऊ रोहूच्या तळ्यांचा मोठा ताप आहे. तिच्यावर लोक शेतातली कीटकनाशकं ओततात. वर्सोव्यात कडुलिंबातलं अझाडिरॅक्टिन आणि पिंपळीतलं पायपरिन गोल्डफिशवर वापरून पाहिलं गेलं, २०१२ च्या सुमारास, आणि उवा गळाल्या. हे काम मला भरवशाचं वाटतं, कारण त्यात पाला नाही, मोजता येणारं एकेक द्रव्य आहे. कुठल्या मात्रेला ऊ मरते आणि कुठल्या मात्रेपासून माशालाच त्रास सुरू होतो, या दोन आकड्यांमधलं अंतर मोजता येतं. कडुलिंबाच्या बाबतीत ते अंतर फार ऐसपैस नसतं. तो माशांनाही विषारी ठरू शकतो.

पण गोल्डफिश काचेच्या टाकीत होते. असे बहुतेक प्रयोग शे-दोनशे लिटरच्या टाक्यांत होतात. पाणी रोज बदललेलं, हवा सोडलेली, खाद्य वजन करून घातलेलं, आणि जिवाणू सुईने टोचलेला. साठ दिवसांनी प्रबंध तयार. उजनीच्या जलाशयात किंवा अस्तर घातलेल्या शेततळ्यात यातलं काय असतं? तिथे पहाटे चार वाजता प्राणवायू तळाला गेलेला असतो. ढगाळ हवा तीन दिवस राहिली की शेवाळ मरतं, पाणी बिघडतं आणि त्या ताणाखाली माशाची सगळी जन्मजात फौज झोपी जाते. अशा पाण्यात आघाडा काय करणार? मी ज्या ज्या अनुभवी माणसांशी बोललो त्यांनी वनस्पतींचं नाव काढायच्या आधी एरेटर, चुना आणि बोटुकलीची संख्या यांवर बोलायला सुरुवात केली. दाटी कमी करणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे आणि त्याचा डबा कुणी विकत नाही.

शिवाय या विषयावरचे जवळजवळ सगळे छापील प्रयोग यशस्वी आहेत. इतक्या वनस्पती, इतके मासे, आणि कुठेच काही फसत नाही? फसलेले प्रयोग छापायला कुणी घेत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला विचाराल तर आणखी एकविसाव्या वनस्पतीची गरज आता नाही. दुर्वा, लसूण, कोय या तिघांवरच खऱ्या तळ्यांवर, दोन पावसाळे, अर्धी तळी साध्या खाद्यावर ठेवून काम झालं, आणि निकाल काय वाटेल तो येवो, जसाच्या तसा बाहेर आला, तर बोलायला काही आधार तरी मिळेल.

असं काम करणारा एक जण मला उजनीच्या काठावर भेटला. मत्स्यविज्ञानाची पदवी घेतलेला, नोकरीच्या दोन-तीन परीक्षा देऊन घरच्या धंद्याला लागलेला पोरगा. चुलत्यांबरोबर भागीत त्याचे जलाशयात पिंजरे आहेत, पंगास आणि चिलापीचे. पावसाळ्याआधी त्याने बारा पिंजऱ्यांत एकाच दिवशी, एकाच ठिकाणची बोटुकली सोडली. सहा पिंजऱ्यांच्या खाद्यावर लसणाची पूड, तेलात कालवून. सहांना नुसतं तेल. कुठले सहा हे त्याने चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कारण कडेच्या पिंजऱ्यांना पाणी जास्त खेळतं आणि मधल्यांना कमी, हे त्याला माहीत आहे. रोजची मरतूक वहीत. भिगवणच्या लिलावात याचा एक रुपया जास्त मिळणार नाही, हेही त्याला माहीत आहे. तिथे मासा वजनावर आणि ताजेपणावर जातो, तो काय खाऊन वाढला हे कुणी विचारत नाही. लसणाचे पैसे निघायचे तर ते वाचलेल्या माशांतूनच.

चुलत्यांचा या सगळ्याला विरोध नाही, पण त्यांचं एक कोडं सुटत नव्हतं. होडीतून परत येताना त्यांनी ते मांडलंच. “लसूण चांगला असंल तर बाराच्या बारा पिंजऱ्यांना घाल की. ते सहा काय तुझे सावत्र हायेत?”

“काका, सगळ्यांना घातला तर लसणानं वाचले का आपोआप वाचले, हे कसं कळायचं?”

“आन् बिनलसणाचे मेले तर?”

“तर पुढच्या वर्षी बाराला घालायचा.”

“आन् न्हाई मेले तर?”

“तर तुमचे लसणाचे पैसे वाचले.”

काकांनी थोडा वेळ हिशेब केला आणि मग बियाण्याच्या बिलाकडे विषय वळवला.